पट्टी न फोडलेला डबा

कोल्हापूरला व्हिडिओ गेमच्या दुर्मिळ वस्तूंचं प्रदर्शन, आणि गर्दी तर विचारू नका! तीस वर्षांपूर्वी एका कंपनीने जाहिरातीसाठी गेमच्या दुकानदारांना पन्नासच डबे वाटले होते, प्रत्येकात गेममध्येही न दिसणारा, खास बनवलेला छोटा योद्धा-बाहुला. कराडला तेव्हा दुकान चालवणाऱ्या द्रौपदाबाई आपला लाल शेल्याचा योद्धा घेऊन ऐटीत आल्या.

परीक्षक होते नामांकित संग्राहक रणपिसे. त्यांनी नाक मुरडलं.

"आजी, हा नकली. उचला इथून. खऱ्याचा शेला निळा. त्याचं चित्र कुठे छापलेलं नाही, दुसरा खरा डबा माझ्या कधी पाहण्यात नाही. माझा मात्र हा बघा! कंपनीची सीलची पट्टीसुद्धा कधी फोडली नाही."

लोकांनी टाळ्या पिटल्या.

"थांबा की साहेब!" बाई कडाडल्या. "चित्र नाही, दुसरा डबा नाही, हा उघडला नाही. मग शेला निळा हे तुम्हाला दिसलं कुठून? उघडला असेल तर पट्टी खोटी. नसेल तर तुमचं बोलणं खोटं. यातलं काय, ते सांगा!"

"उघडा! उघडा!" सगळे ओरडले.

रणपिसेंनी डबा छातीशी धरला आणि आक्षेप मागे घेतला.

लाल योद्धा काचेच्या कपाटात मधोमध बसला. शेजारच्या बंद डब्यात काय आहे ते रणपिसेंना माहीत नाही. किंवा माहीत आहे, पण सांगायची सोय नाही!