अळूची पहिली वडी

वैशाखातली दुपार होती. चिपळुणातलं ते जुनं कौलारू घर उन्हात पेंगत होतं, आणि ते विकत घ्यायला आलेली वैजयंती खांबेटे स्वप्नात चालावं तशी परसदारी फिरत होती. सगळं गवत करपलं होतं. फक्त संडासाचा पाइप जमिनीखालून जिथून जात होता, तिथे हिरव्यागार अळूची सरळ रांग हळूहळू डोलत होती.

"पाइप फुटलेला तर नाही ना?" तिनं विचारलं.

घरमालक भाऊसाहेब निवृत्त मामलेदार. त्यांना प्रश्न विचारायची सवय होती, ऐकायची नव्हती. "बाई, माझ्या शब्दावर तालुका चालायचा. पाइपला केसाएवढीही चीर नाही. उगाच खणू देणार नाही."

"मग या अळूला पाणी कोण घालतं?"

"कुणीच नाही. माझ्या हातालाच गुण आहे."

वैजयंतीनं शांतपणे दहा पानं खुडली. "याच्या वड्या करून आणते. पहिली वडी तुम्ही खा, मी लगेच सही करते."

भाऊसाहेब त्या पानांपासून दोन पावलं मागे सरकले.

"खणायला माणसं उद्या सकाळी बोलावतो," ते म्हणाले.