सगळ्या रॅम सारख्याच!

शाल्मलीने स्वतः जोडलेला कॉम्प्युटर वेग वाढवला की बंद पडायचा, आणि उद्या कॉलेजात तिचं ॲनिमेशन दाखवायचं होतं. दुकानदार रायरीकरकाकांनी रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या दोन जातींच्या दिल्या होत्या; वाढीव वेगाला त्यांचं एकमेकींशी जमत नव्हतं. ती तडक दुकानात गेली आणि हे सांगून एकमेकींशी जुळणारी जोडी बदलून मागितली.

काका गिऱ्हाइकांसमोर हसले. “पोरी, वीस वर्षं धंद्यात आहे. रॅम सगळ्या सारख्याच! बदलून मिळणार नाही.”

“मग या ठेवा आणि त्याच किमतीची ती कपाटातली जोडी द्या. सारखीच तर आहे!”

“छे! ती जोडी एकत्र तपासलेली आहे, वाढवलेल्या वेगालाही टिकते!”

“मग इतका वेळ मी काय सांगत होते, काका?”

गिऱ्हाइकं खो खो हसली. काकांनी कपाट उघडून जोडी तिच्या हातात ठेवली. घरी मशीन वाढवलेल्या वेगाने तासभर न अडखळता चाललं, तेव्हा कुठे शाल्मलीचा जीव भांड्यात पडला.