आचार्यांचा निखळलेला हात

खूप जुन्या काळची गोष्ट. दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक मोठं विद्यापीठ होतं. तिथल्या वैद्यकशाळेचे आचार्य होते विश्रुत.

आचार्य विश्रुत बोलायला लागले की ऐकत राहावं. आवाज भरदार, भाषा रसाळ. त्यांच्या व्याख्यानाला गावातले लोकसुद्धा येऊन मागे बसत. कुणाला अक्षरही कळत नसे, पण जाताना सगळे म्हणत, "काय सुंदर बोलले!"

आचार्यांनाही ते आवडे. शिकवून झालं की ते विचारत, "समजलं ना?" शिष्य एका सुरात म्हणत, "समजलं, गुरुजी." मग आचार्य समाधानानं आपल्या कुटीकडे जात.

एका उन्हाळ्यात त्यांना सहज एक प्रश्न सुचला. त्यांनी शिष्यांना विचारलं, "दोन वाटसरू उन्हानं कोसळले आहेत. एक शुद्धीवर आहे, दुसरा बेशुद्ध. पाणी कुणाला पाजाल?"

सोमदत्त हा सगळ्यांत हुशार शिष्य. सगळा ग्रंथ त्याला तोंडपाठ होता. तो चटकन उठून म्हणाला, "दोघांनाही. उन्हानं कोसळलेल्याला पाणी द्यावं, असं सूत्रच आहे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आचार्यांनी हातातली पोथी मिटली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, ते श्वासाच्या वाटेनं जाऊन जीव घेतं, हे त्यांनी कितीदा सांगितलं होतं! उद्या ही मुलं गावोगाव वैद्य म्हणून जाणार. लोक विश्वासानं आपली माणसं यांच्या हाती देणार.

त्यांनी तो भाग पुन्हा पहिल्यापासून शिकवला. अधिक सावकाश, अधिक सुंदर. शिष्य म्हणाले, "समजलं, गुरुजी." पण काही दिवसांनी आचार्यांनी विचारलं, "झटका येऊन निपचित पडलेल्या बाळाला मधातून मात्रा चाटवाल का?" तेव्हा अर्ध्याहून अधिक शिष्य म्हणाले, "चाटवू."

त्या दिवशी आचार्यांना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी ते ओढ्याच्या काठानं फिरत होते. करंजाच्या झाडाखाली त्यांना दोन शिष्य बोलताना दिसले. एक उत्पला आणि दुसरा भद्रक. भद्रक मेहनती होता, पण प्रत्येक गोष्ट त्याला उशिरा कळे, म्हणून वर्गात तो तोंडच उघडत नसे.

"अरे, गळ्यावर हात ठेव," उत्पला सांगत होती. "आता आवंढा गिळ. गिळताना श्वास चालू होता का?"

भद्रकानं आवंढा गिळला. पुन्हा गिळला. "नाही गं. थांबला होता."

"कुणी थांबवला?"

"मीच. म्हणजे आपोआप." त्याचे डोळे मोठे झाले. "म्हणजे बेशुद्ध माणसाला तो थांबवताच येणार नाही! पाणी सरळ छातीत जाणार!"

"मलाही कालपर्यंत हे कळत नव्हतं," उत्पला हसून म्हणाली. "काल पाणी पिताना ठसका लागला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

आचार्य झाडाआडच थबकले. इतक्या वर्षांत त्यांनी या विषयावर उत्तमोत्तम दृष्टान्त दिले होते, पण कुणाला साधा आवंढा गिळायला लावला नव्हता. त्यांना स्वतःला ही गोष्ट कधी अवघड गेली होती, हेच आता आठवत नव्हतं. उत्पला मात्र त्या अडचणीतून कालच बाहेर पडली होती. भद्रकाचा पाय नेमका कुठे अडकलाय, हे तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आचार्य व्यासपीठावर बसलेच नाहीत. त्यांनी एक प्रश्न घातला आणि दोन उत्तरं सांगितली. "डोळे मिटा. पहिलं उत्तर पटत असेल तर उजवा हात वर करा, दुसरं पटत असेल तर डावा." काही हात उजवे वर गेले, काही डावे.

"आता डोळे उघडा. ज्याचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं आहे, त्याला शोधा आणि पटवून द्या. ग्रंथात आहे म्हणून, असं म्हणायचं नाही. कारण सांगायचं."

शाळेत एकच गलका उडाला. शेजारच्या व्याकरणशाळेचे वृद्ध आचार्य भिंतीवरून डोकावले. "विश्रुता, अरे बाजार भरवलास की काय?"

सोमदत्ताला तर हे मुळीच रुचलं नाही. तो आचार्यांना एकटं गाठून म्हणाला, "गुरुजी, क्षमा असावी. मी घरदार सोडून आलो ते आपल्याकडून शिकायला. भद्रकाकडून मी काय शिकणार?"

"काहीच नाही, असं समज," आचार्य म्हणाले. "तू त्याला शिकव. महिनाभर तो तुझा जोडीदार."

सोमदत्त मनाविरुद्ध गेला. त्यानं भद्रकापुढे सूत्र घडाघडा म्हटलं. भद्रक म्हणाला, "हो, पण असं का?" सोमदत्तानं सूत्रावरचं भाष्य म्हणून दाखवलं. "ते ऐकलं. पण का?" सोमदत्त चिडला, मग अडखळला. त्याला ते ठाऊकच नव्हतं. आजवर त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून तो बदलला. दोघं मिळून एकमेकांची हाडं चाचपून पाहू लागले, नाड्या मोजू लागले, वाद घालू लागले. कधी दोघंही चुकत. मग आचार्यांकडे धावत येत.

आचार्यांनाही हे सोपं गेलं नाही. गावकरी येईनासे झाले. वाहवा थांबली. भरदार आवाज दिवसचे दिवस वापराविना राही. कधीकधी त्यांना वाटे, मग माझं इथे काम काय? पण वर्गात बरोबर दोन तट पाडील असा एक प्रश्न शोधायला त्यांना पहाटेपासून डोकं खाजवावं लागे, तेव्हा कळे की काम आहे, आणि पूर्वीपेक्षा कठीण आहे.

पुढे शरद ऋतूत आचार्य शिष्यांना घेऊन डोंगरावर औषधी मुळं ओळखायला गेले. उतरताना शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सटकला. ते उजव्या अंगावर दाणकन आपटले. वेदनेनं त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. उजवा हात लुळा लोंबत होता.

"खांदा निखळलाय," ते दातओठ खात म्हणाले. "सोमदत्ता, मनगट धर आणि जोरानं ओढ. सांधा बसेल."

सोमदत्तानं मनगट धरलं. तेवढ्यात भद्रक म्हणाला, "ओढू नकोस. मला वेगळं वाटतंय."

"गुरुजींचीच आज्ञा आहे," कुणीतरी म्हणालं.

"असू दे. खांद्याचा गोल बघ. निखळला असता तर इथे खळगा पडला असता. गोल तर शाबूत आहे."

उत्पला गुडघे टेकून बसली. तिनं दंडावरून हलकी बोटं फिरवली. "सूज खांद्याच्या खाली आहे. आणि इथे आत काहीतरी करकरतंय. हाड मोडलंय."

"ओढलं तर मोडलेलं टोक शिरेत घुसेल," सोमदत्त सावकाश म्हणाला. त्यानं मनगट अलगद खाली ठेवलं.

आचार्य कळवळून ओरडले, "तुम्हाला जास्त कळतं की मला? मी सांगतोय, ओढ!"

सोमदत्तानं आयुष्यात कधी गुरूचा शब्द मोडला नव्हता. तरीही तो म्हणाला, "गुरुजी, आपल्याला दुखतंय, आणि आम्हाला दिसतंय. आपण डावा हात इथे लावून एकदा बघता का?"

आचार्यांनी डावा हात दंडावर नेला. बोटं एका जागी थांबली. आत हाड करकरत होतं.

"बांबू तोडा," अखेर ते म्हणाले. "आणि बांधा. मला काही विचारू नका. तुमचं तुम्ही ठरवा."

शिष्यांनी आपसांत बोलून बांबूच्या कामट्या बसवल्या, उपरण्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि आचार्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं.

हिवाळा सरला तसं हाड जुळलं. हाताची सगळी बोटं पूर्वीसारखी चालू लागली. त्या दिवशी ओढाओढ झाली असती, तर तो हात पुन्हा कधी नाडीवर टेकला नसता.

आचार्य पहिल्यांदा हात मोकळा करून वर्गात आले, तेव्हा मागच्या रांगेत व्याकरणशाळेचे वृद्ध आचार्य येऊन बसले होते. "मलाही एखादा जोडीदार दे रे," ते म्हणाले. आचार्य विश्रुतांनी त्यांच्याशेजारी भद्रकाला बसवलं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: सोबत्याला कारण देऊन पटवताना जे ज्ञान कसाला लागतं, तेच प्रसंगी उपयोगी पडतं, आणि शिष्यांना तसं शिकू देण्यासाठी जो स्वतः थोडा बाजूला सरतो, तोच खरा गुरू.