चैनीचा माल

खडपबेटावर मासळी आणि नारळ सोडले, तर सगळं लाँचनेच येतं. उतरलेला माल आधी धक्क्यावरच्या काट्यावर चढतो, कारण मंत्री दाजीसाहेबांनी वजनावर कर बसवलाय. धक्क्यावर खानावळ चालवणारी चांगुणा तांडेल त्यापायी पार वैतागली होती. थाळीचा भाव ऐकूनच गिऱ्हाइकं पाठ फिरवत.

मतं मागायला दाजीसाहेब लाँचमधून उतरले, तशी ती पुढे झाली. "साहेब, तांदळावरसुद्धा कर?"

दाजीसाहेब समजुतीने हसले. "बाई, कर फक्त चैनीवर आहे. ज्याच्यावाचून अडत नाही, ती चैन. इथे मासे आहेत, मग भातावाचून काय अडतंय?"

"पटलं बघा," म्हणत चांगुणाने पदराने काटा पुसला. "या, चढा."

"मी? मी काय माल आहे?"

"लाँचमधूनच उतरलात ना? गेल्या निवडणुकीपासून इकडे फिरकला नाहीत, पण आमचं काही अडलं नाही." मग त्यांच्या पोटाकडे बघून ती हळहळली. "एवढी चैन आम्हाला परवडायची नाही, साहेब. लाँच अजून उभी आहे."

सगळा धक्का खो खो हसला. दाजीसाहेबही हसले, जरा उशिराने.

पुढच्या खेपेला तांदळाची पोती काट्याला वळसा घालून थेट खानावळीत गेली.