दगा दिलेला कॉम्प्रेसर

"मग दोन सिलेंडरचा घेऊ, का विजेवरचा येगळा बसवू? उस्ताद, तुमी नुसतं ऐकताय. काय तरी बोला की."

इलाही उस्ताद बोलले नाहीत. लाकडी खोक्यावर बसून ते एका नळीचं तोंड फडक्यानं पुसत होते, आणि पुसून झालेली नळी पुन्हा पुसत होते.

सर्जेराव पानसकरला हे गप्प बसणं नवं नव्हतं. कुंभार्ली घाट उतरायच्या आधी, हेळवाकच्या फाट्यावर उस्तादांची पत्र्याची शेड होती, आणि ट्रकच्या हवेच्या ब्रेकचं काम तो सहा वर्षं तिथंच शिकला होता. आता तो गाडीमालक होता. गळ्यात चेन आली होती, आणि उस्तादांचं बोलणं मध्येच तोडायची सवयही आली होती. शिष्य मोठा झाला की आधी त्याचा आवाज मोठा होतो, हे उस्तादांनी पुष्कळ वेळा बघितलं होतं.

दारात त्याचा नवा ट्रक उभा होता. कोरा करकरीत, पुढं झेंडूची माळ. परवा तो पहिला माल घेऊन घाट उतरणार होता.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाच्या अंगाला बसवलेला कॉम्प्रेसर ती हवा टाकीत भरत राहतो. टाकीत हवा असली तर ब्रेक लागतो, नसली तर पायाखाली नुसता लोखंडाचा तुकडा राहतो.

सर्जेरावला गाडीबरोबर आलेला कॉम्प्रेसर काढून टाकायचा होता. दोन सिलेंडरचा घेतला तर टाकी लवकर भरते, पण इंजिनाची ताकद खातो. विजेवरचा जादा बसवला तर सोयीचा, पण बॅटरी पितो. शिवाय एक मोठी टाकी हवीच. परीक्षेला घोकून आल्यासारखा तो सगळ्यांचे गुणदोष सांगत होता, आणि उस्तादांची नळी काही पुसून संपत नव्हती.

"पुन्यांदा दगा नको," तो शेवटी म्हणाला.

उस्तादांचा हात थांबला.

दगा... सात महिने सर्जेराव हाच शब्द वापरत होता. त्याचा चुलतभाऊ अंकुश सर्जेरावचाच जुना ट्रक घेऊन घाट उतरत होता, तिसऱ्या वळणावर हवा संपली. दरीत जाण्यापेक्षा बरं म्हणून अंकुशनं गाडी डोंगराला घातली. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. कॉम्प्रेसरनं दगा दिला, असं सर्जेराव पोलिसांना म्हणाला, भावकीत म्हणाला, दवाखान्याच्या पायरीवर बसून अंकुशच्या बायकोलाही म्हणाला. त्यानंतर मात्र तो अंकुशच्या घराकडं फिरकला नाही.

जे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते एवढंच. त्या दिवशी घाटमाथ्यावरून अंकुशचा फोन आला होता. हवेचा काटा चढत नाही, हॉर्न वाजवला की खाली येतो, मागं फिरून उस्तादांना दाखवतो आणि मग निघतो, असं तो 'दादा, दादा' करत सांगत होता.

"काट्याकडं बघत बसलास तर आज चिपळूण येत न्हाय," सर्जेराव म्हणाला होता. "निघ."

आणि अंकुश निघाला.

ते 'निघ' सर्जेरावला अजून जेवताना ऐकू यायचं. घास हातात राहायचा. जुना कॉम्प्रेसरच नालायक होता असं एकदा पक्कं झालं, तर तो शब्द तेवढा तरी हलका होणार होता. म्हणून त्याला मोठा कॉम्प्रेसर हवा होता, आणि तो उस्तादांच्या तोंडून हवा होता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यालाही ठाऊक होती. पण अंगण खरंच वाकडं असेल, ही आशा माणूस सहजासहजी सोडत नाही.

उस्ताद उठले. शेडच्या कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर पट्ट्यानं मोटरला जोडलेला होता. शेडची सगळी हवा त्याच्यावरच भरायची. निळा रंग दिलेला, चांगला पुसलेला. त्यांनी बटण दाबलं आणि तो चालू झाला.

"दुसरं मागनं. हा कसा हाय, सांग."

सर्जेराव पुढं झाला, वाकून बघायला लागला.

"डोळ्यानं नको."

सर्जेरावला हसू आलं. हा त्या शेडचा जुना रिवाज. कॉम्प्रेसर कसाही दिसो, त्याची नळी सोडायची, तोंडावर तळहात दाबून धरायचा आणि मगच मत द्यायचं. हवा हाताला ढकलते कशी, तळव्याला तेल लागतं की नाही, यावरून आतल्या रिंगांची तब्येत कळते. पहिलं सबंध वर्ष उस्तादांनी त्याला पान्याला हात लावू दिला नव्हता, नुसता तळहात धरायला लावला होता.

त्यानं बाही सारली, नळी सोडली, तळहात दाबला. डोळे मिटले. हवेनं हात मागं लोटला, त्यानं पुन्हा दाबला. मग तळवा उजेडाकडं धरून बघितला. कोरडा होता.

त्याच्या चेहऱ्यावर जुना अभिमान आला. शिष्य म्हणून तो कच्चा कधीच नव्हता.

"एक नंबर," तो म्हणाला. "रिंगा शाबूत. तेलाचा थेंब न्हाय. अजून पाच वर्सं कुठलाबी घाट उतरवंल. माज्या त्या धोंड्यापरास शंभर पटीनं बरा."

"खात्री हाय?"

"तुमीच शिकवलंय, उस्ताद. तळहात खोटं बोलत न्हाय."

उस्तादांनी बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"त्याचा खालचा पाय बघ."

सर्जेराव गुडघ्यावर बसला. कॉम्प्रेसरचा एक लोखंडी पाय कधीतरी मोडला होता आणि वेल्डिंगनं जोडला होता. जाड, वेडंवाकडं, भाकरी थापायला पहिल्यांदाच बसलेल्या पोरीच्या हातचं असावं तसं ते वेल्डिंग होतं. ते करताना सर्जेरावचाच अंगठा भाजला होता. त्याची स्वतःची पहिली गाडी, जुनीच घेतलेली, अंकुशनं डोंगराला घातलेली तीच, आणि तिच्यावरचं पहिलं काम. आपल्या हातचं काम ओळखायला कुणाला वेळ लागत नाही.

त्यानं त्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला.

"तुमी रिंगा बदलल्या आसत्याल..."

"न्हाई. माती पुसली, रंग दिला. मोडीतनं आला तसा लावला."

"मग हवा कुठं गेली?"

उस्ताद खोक्यावर जाऊन बसले. त्यांचे हात आता रिकामेच होते.

"पयला हॉर्न. मग तुजी हवेची सीट. मग टायर भरायची नळी. समदं ब्रेकच्या टाकीवर जोडलं, आन् एक एक जोड गळाय लागला. त्या बिचाऱ्यानं किती तोंडं भरायची? तू म्हनलास जोडा. मी जोडलं. मी न्हाई म्हनाय पायजे हुतं, सर्जेराव. तवर तू मालक झालावतास. तुला शिकवनारा मी, आन् तुज्याम्होरं निस्ता मिस्त्री झालो."

सर्जेरावनं मान वर केली नाही. इतकी वर्षं त्याला वाटायचं, उस्ताद कधी चुकत नाहीत. आज ते चुकले होते आणि त्यानं त्याला जराही बरं वाटत नव्हतं. उस्तादांनी जोड जोडले होते, पण 'निघ' त्यानं म्हटलं होतं. ते कुणी वाटून घेणार नव्हतं.

बाहेर एक टँकर थांबला, ड्रायव्हरनं उस्तादांना हाक मारली. त्यांनी हातानंच त्याला थांबायला सांगितलं.

"कवापासनं ठावं हाय तुमाला?"

"साडेपाच म्हैने."

"आन् मला आज सांगताय?"

उस्तादांनी फडकं पुन्हा हातात घेतलं.

सर्जेरावच्या मनात एक प्रश्न कधीचा वर येत होता आणि तो त्याला दाबत होता. शेवटी त्यानं विचारलाच, तळहाताकडं बघत.

"अंकुशला... ठावं हाय?"

"हा पयल्यांदा चालू केला, त्या दिशी तो हितं हुता. कुबड्या भिताडाला लावल्या, तू आत्ता बसलायस तितंच बसला. त्यानंबी हात धरला नळीवर."

"काय म्हनला?"

"म्हनला, कॉम्प्रेसर चांगला हाय ह्ये दादाला कळू देऊ नका."