डांबरगोळीचा वास

“पण बाबा, चार वाजता त्या पोरीला मी सांगू तरी काय?” केतकीनं विचारलं.

शिबिराच्या ओट्यावर बसून धावजीबाबा मुलांच्या मोज्यांतली कुसळं उपटत होते. दिवाळीनंतर रानातलं गवत वाळलं की हे काम रोजचंच. सकाळची फेरी संपली की मोज्यांचा ढीग त्यांच्यापुढे येई.

केतकी या निसर्ग शिबिरात इंटर्न होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., तीही विद्यापीठात पहिली. शहरातल्या शाळांची मुलं तीन-तीन दिवसांसाठी येत आणि ती त्यांना रान दाखवी. धावजीबाबांनी चाळीस वर्षं याच रानात वनमजुरी केली होती. आता ते शिबिराचे वाटाडे. केतकीनं त्यांच्या हाताखाली शिकायचं, असं कागदावर ठरलं होतं. यांच्याकडून काय शिकायचं, हा प्रश्न तिनं मनातल्या मनात केव्हाच निकालात काढला होता.

ही चौदावी तुकडी. तीच वाट, तेच वारूळ, तेच विनोद आणि “ताई, वाघ कधी दिसणार?” हेही तेच. केतकी अगदी मेटाकुटीला आली होती.

चौथ्या तुकडीला काहीच दिसलं नव्हतं. मुलं हिरमुसली, बरोबरच्या बाईंनी तक्रार केली. तेव्हापासून केतकीनं एक युक्ती काढली. शिबिराच्या कपाटात धामणीची एक अख्खी कात होती. भल्या सकाळी जाऊन ती वळणावरच्या करवंदीच्या जाळीत अडकवून यायचं. मग मुलांना ती ‘सापडायची’. आरडाओरडा, आनंदीआनंद! दुपारी कात परत डब्यात, डांबरगोळ्यांच्या सोबतीला.

आज ती नुपूरला सापडली. पाचवीतली चष्मेवाली, भारी चिकित्सक. तिनं कात सरळ नाकाशी नेली.

“ताई, सापाला डांबरगोळीचा वास येतो?”

सगळ्या मुलांनी केतकीकडे पाहिलं. आणि विद्यापीठात पहिली आलेली केतकी म्हणाली, “हो... काही सापांना येतो.”

नुपूरनं ते वहीत लिहिलं. खाली पट्टीनं रेघ मारली. ती रेघ बघून केतकीनं मुलांना घाईघाईनं पुढे काढलं.

आता चारची फेरी तेवढी उरली होती. उद्या सकाळी मुलं निघणार, त्यांच्याबरोबर वहीही.

“तुम्ही तिथंच होतात बाबा. बोलला का नाहीत?”

“मला कुठं इचारलं पोरीनं?”

“जाऊ दे ना मग. लहान आहे, विसरेल.”

बाबांनी मान वर केली. “इसरंल?”

“...नाही विसरणार.” केतकीनंच कबूल केलं. “पण सांगितलं, तर माझ्या कुठल्याच शब्दावर मुलं विश्वास ठेवणार नाहीत. तोंड कसं दाखवू त्यांना?”

बाबांनी एक मोजा तिच्या मांडीवर टाकला.

“धर.”

ती कुसळं उपटू लागली. एक बोटात रुतलं.

“आज वाटंनं काय दिसलं?”

“वारूळ दाखवलं. कोळ्याचं जाळं दाखवलं, हिरड्याचं झाड...”

“दाखवलं ते नको. दिसलं काय?”

केतकी आठवू लागली. तिला मनगटावरचं घड्याळ आठवलं. रांगेतली डोकी मोजलेली आठवली. करवंदीची जाळी येईपर्यंत किती पावलं राहिली, तेही आठवलं. पुढे काही येईना...

“काही नाही,” ती म्हणाली. “कात ठेवायला लागल्यापासून मला काहीच दिसलं नाही, बाबा.” आणि तिला रडूच फुटलं.

बाबांनी समजूत घातली नाही. पुढचा मोजा घेतला. दोघांनी मिळून ढीग संपवला.

“मोजे झाले. पोरांना बोलव.”

चार वाजता मुलं फाटकाशी जमली. केतकीनं डबा आणला आणि सगळ्यांसमोर उघडला. वास लगेच पसरला.

“ही कात मी ठेवली होती,” ती म्हणाली. “दर तुकडीला मीच ठेवते. सापाला असा वास येत नाही. सकाळी मी खोटं बोलले.”

मग मागून एक मुलगा म्हणाला, “म्हणजे चीटिंग!”

“हो,” केतकी म्हणाली. “चीटिंगच.”

नुपूरनं वही उघडली. ते वाक्य खोडलं, परत खोडलं. मग ती केतकीकडे न बघता तिच्या बाजूनं पुढे गेली आणि धावजीबाबांसमोर उभी राहिली. केतकीला ते फार लागलं, पण ती जागची हलली नाही.

“आजोबा, तुम्ही खरं सांगा. या वाटेवर खरोखरचा साप आहे का?”

सगळी मुलं बाबांच्या तोंडाकडे बघू लागली. केतकीही. ज्या माणसाचे तळपाय चाळीस वर्षं त्या वाटेवर झिजले होते, तो फाटकाला हात लावून रानाकडे बघत राहिला...

“काय म्हाईत, बाई,” ते म्हणाले. “आज चार वाजताच्या रानात मी अजून गेलो न्हाई.”