आखूड पट्टा

फार जुनी नाही, पण लोक विसरून गेलेत इतपत जुनी गोष्ट. गजबा मिस्त्रीनं एका म्हाताऱ्या जीपला एसी बसवला. इंजिनाच्या तोंडाशी पाण्याचा पंप आणि डायनामो नांदत होते, तिथं कॉम्प्रेसर तिसरा आला. तिघांना फिरवायला एकच रबरी पट्टा, आणि तोही बोटभर आखूड.

पट्टा काकुळतीला आला. "कुणीतरी बोटभर आत सरका हो. नाहीतर मी तुटेन."

"मी इंजिनालाच जखडलेला," पंप म्हणाला. "मला कुठलं सरकता येतंय, बाबा?"

"माझं तर वेल्डिंग झालंय," कॉम्प्रेसर म्हणाला.

डायनामोला मात्र सरकायला खाच होती. सगळ्यांना ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "मी इथला जुना. काल आलेल्यासाठी मी का सरकू?" आणि त्यानं आपला गंजका बोल्ट घट्ट धरून ठेवला.

गजबानं पान्हा लावून पाहिला, बोल्ट हलेना. मग टॉमीचा लोखंडी दांडा घालून त्यानं पट्टा ओढूनताणून चढवला. "बसला बघा, मालक!" तो जीपवाल्याला म्हणाला.

पट्टा वाटभर किंचाळत राहिला. "होईल सवय," डायनामो म्हणाला.

घाटात पट्टा तुटला. पंप थांबला, पाणी उकळलं, जीप वळणावर निपचित पडली. गजबा धापा टाकत नवा पट्टा घेऊन आला. तोही तेवढाच आखूड. बाजारात दुसरं माप नव्हतं.

"कुणीतरी सरका हो," नवा पट्टा कळवळला.

डायनामो म्हणाला, "आधीचा बरा होता. कधी कुरकुरला नाही."